चाल कोणाची, संयोजन कोणाचं? शॉन ओ रीअडा यांच्या निमित्तानं

'मिशे एअरा' हा आयरिश स्वातंत्र्यलढ्यावरचा १९५९ चा माहितीपट. त्याच्या संगीतानं संगीतकार शॉन ओ रीअडा हे नाव आयर्लंडमध्ये घराघरांत पोचवलं. त्यातली अंगावर काटा आणणारी 'रोशीन दुव' ही चाल मात्र त्यांची नाही. ते जुनं लोकगीत, एरवी एकट्या गळ्यातून साथीशिवाय गायलं जाणारं. ओ रीअडांनी चाल तशीच ठेवली, ती फ्रेंच हॉर्नला दिली आणि मागे अख्खा ऑर्केस्ट्रा उभा केला. हे संयोजन. आपल्याकडेही चाल बांधणारा एक आणि वाद्यमेळ लिहिणारा दुसरा असतो, आणि नाव बहुतेकदा पहिल्याचंच लक्षात राहतं. इथे नेमकं उलट झालं.

संयोजन म्हणजे दुय्यम काम, असं मला मुळीच वाटत नाही. त्या काळी आयरिश नाचगाण्यांच्या बँडमध्ये सगळे वादक एकच चाल एकदम वाजवत. १९६० च्या सुमारास ओ रीअडांनी 'क्योलतोरी खूलन' हा वाद्यवृंद काढला आणि वादकांना आळीपाळीनं पुढे आणलं: इथे फक्त बासरी, इथे फिडल, मग सगळे मिळून. धातूच्या तारांच्या जुन्या आयरिश हार्पचा नाद हवा म्हणून स्वतः हार्पसिकॉर्ड, म्हणजे तारा छेडणारं पियानोसारखं जुनं वाद्य, वाजवायला बसले. बोरान हे हातात धरायचं चामड्याचं तालवाद्य मैफलीत आणलं. सुरावटी जुन्याच होत्या, पण ऐकणं बदललं. याच वादकांतल्या पॅडी मलोनींनी पुढे 'द चीफटन्स' हा आयरिश लोकसंगीताचा वाद्यवृंद उभा केला.

मग रचना कशाला म्हणायचं? चाल स्वतःची असली की रचना, ही व्याख्या पुरत नाही. ओ रीअडांच्या 'नोमोस क्रमांक १' या तंतुवाद्यांसाठीच्या कृतीचं बीज पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जोस्कॅं या युरोपीय संगीतकाराचं आहे. तरी ती रचनाच, कारण त्या बीजातून पुढे जे वाढतं ते मुळात कुठेच नव्हतं. संयोजनात मूळ चाल ओळखू यावी लागते. रचनेवर ते बंधन नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती त्यांच्या चर्चसंगीतात. कॉर्क परगण्यातल्या कूल-ए या आयरिश बोलणाऱ्या गावात राहायला गेल्यावर त्यांनी तिथल्या गायकवृंदासाठी आयरिश भाषेतला मास, म्हणजे कॅथलिक उपासनेचं संगीत, बांधला. त्यातलं 'एग क्रीस्त अन शील' ऐकताना वाटतं, ही चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असणार. जुने आहेत ते फक्त प्रार्थनेचे शब्द. चाल ओ रीअडांची.