गार्डला दिलेला रेनकोट सीएसआरमध्ये धरता येतो का?

जून लागला की असे फोटो हमखास दिसतात. कारखान्याच्या गेटवर फलक, रांगेत उभे सुरक्षारक्षक, प्रत्येकाच्या हातात नवा रेनकोट आणि फलकावर ‘सीएसआर उपक्रम’. रेनकोट द्यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण कायद्याच्या हिशेबात तो सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचा खर्च, नव्हे. कोकणच्या पावसात रात्रभर गेट सांभाळणाऱ्या माणसाला कोरडं ठेवणं हा धंद्याचाच खर्च आहे.

कंपनीची समाजाप्रती जबाबदारी आणि कंपनीचं आपल्या माणसांप्रती, आपल्या कामाप्रती असलेलं कर्तव्य यांची गल्लत सुरक्षा कंपन्यांच्या बाबतीत फार होते. कारण या धंद्यात यंत्रं थोडी आणि माणसंच जास्त. ती माणसंही बहुतेक गरजू घरांतली. त्यांना काहीही दिलं तरी ते समाजकार्य वाटतं.

सीएसआर हा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ चा विषय. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांतला एक जरी आकडा गाठला तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, आपत्ती निवारण अशा ठरलेल्या कामांवर खर्च करावी लागते. जिथे कंपनी काम करते त्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. काय धरता येत नाही, तेही नियमांत स्पष्ट आहे: कंपनीचं नेहमीचं व्यावसायिक काम, केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा उपक्रम आणि दुसऱ्या कायद्याने आधीच बंधनकारक केलेली गोष्ट.

दुसरी बाजू, म्हणजे आपल्या माणसांप्रती असलेलं कर्तव्य, यापेक्षा मोठी आहे आणि तिला नफ्याची अट नाही. सावंतवाडीतल्या वीस गार्डांच्या एजन्सीला सीएसआर लागणार नाही. पण किमान वेतन, पीएफ, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला तिलाही चुकत नाही. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार परवाना लागतो, आणि गार्डला कामावर उभं करण्याआधी प्रशिक्षण द्यावं लागतं. नमुना नियमांत ते १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावर असं सांगितलं आहे. महाराष्ट्रात त्याखेरीज १९८१ चा खासगी सुरक्षारक्षकांचा कायदा आणि त्याखालची सुरक्षारक्षक मंडळं आहेत.

आता एक हिशेब मांडू. समजा, एका कंपनीचा सरासरी नफा ६ कोटी आणि गार्ड ३,०००. तिचा वर्षाचा सीएसआर १२ लाख, म्हणजे दर गार्डमागे ४०० रुपये. याच कंपनीने गार्डला आठऐवजी बारा तास उभं केलं आणि वरच्या चार तासांचे पैसे दुपटीऐवजी एकपटीने दिले, तर तासाला ५० रुपये दर धरला तरी रोज २०० रुपये त्याच्या खिशातून गेले. वर्षभराचा सगळा सीएसआर दोन दिवसांत वसूल! म्हणून शाळेला दिलेल्या संगणकांचे फोटो पाहताना माझी नजर आधी पगारपत्रकावर जाते.

काही कामं मात्र खरोखर सीमेवरची असतात. गावातल्या मुलांना मोफत सुरक्षा प्रशिक्षण दिलं तर ते कुठे धरायचं? आपल्याच भरतीसाठी दिलं असेल तर तो धंदा झाला, आणि २००५ च्या कायद्याचं पालन. कुणालाही खुलं असेल आणि शिकलेला मुलगा कुठेही नोकरी करू शकत असेल, तर ते कौशल्यविकासात बसू शकतं. तसंच गावच्या शाळेचं. तिथे गार्डांची मुलं शिकतात एवढ्यावरून ते काम बाद होत नाही. फक्त गार्डांच्याच मुलांसाठी काढलेली योजना मात्र होते. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या शाळा किंवा दवाखाने उभे करायला दिलेले पैसे निर्विवाद सीएसआर. त्याच पुरात आपल्याच पोस्टवर अडकलेल्या गार्डला सुखरूप बाहेर काढणं हे कर्तव्य.

पर्यावरणाच्या बाबतीत ही गल्लत अधिक नुकसान करते. खाडीकाठी कांदळवनाची रोपं लावली की पर्यावरणाचं काम झालं असं वाटतं. पण सुरक्षा कंपनीचा किनाऱ्याशी रोजचा संबंध येतो तो दिव्यांमुळे. वेळास, आंजर्ले, गावखडी या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने निघतात, कारण मोकळ्या किनाऱ्यावर रात्री समुद्राकडचं क्षितिजच अधिक उजळ असतं. रिसॉर्टचा फ्लडलाइट वाळूवर पडत असेल तर ती उलटी, माणसांकडे फिरतात. दिवा मालकाचा असला तरी रात्री बटणाशी गार्डच असतो. हंगामात समुद्राकडचे दिवे खाली वळवायचे किंवा बंद ठेवायचे, ही ओळ ड्युटीच्या सूचनांत घालायला एक पैसा लागत नाही. माझ्या दृष्टीने ती ओळ हजार रोपांइतकी मोलाची आहे.

वॉकीटॉकीच्या आणि यूपीएसच्या बॅटऱ्या, खाऱ्या हवेने गंजलेले कॅमेरे यांचंही तेच. २०२२ च्या बॅटरी आणि ई-कचरा नियमांप्रमाणे ते अधिकृत साखळीतूनच पुनर्वापराला गेले पाहिजेत. भंगारवाल्याला विकून चालत नाही. याला सीएसआर म्हणता येत नाही, कारण ते करणं भागच आहे.

कंपनी गावात सीएसआरचा प्रस्ताव घेऊन आली तर सरपंचांनी तो जरूर ऐकावा, आणि त्याच बैठकीत दोन कागद मागावेत: गावातल्या गार्डांची पीएफ भरल्याची चलनं आणि हजेरीपटासह पगारपत्रक. गार्डला स्वतःलाही यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा आपला कायमचा क्रमांक, वापरून पासबुकात आपला पीएफ तपासता येतो. एजन्सीने पगार बुडवला तर ज्या कारखान्याच्या गेटवर तो उभा आहे, त्या मुख्य मालकाकडेही कायद्याने मागणी करता येते.