कॉर्नवॉलच्या जुन्या खाणींमधून सायकलवर: निघण्याआधी हे नक्की वाचा

ज्यांनी आमच्या या सायकल सहलीचं बुकिंग केलंय आणि ज्यांचं अजून ठरत नाहीये अशा दोघांसाठी हे लिहितोय. ऑफिसात येणारे बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात की एवढं इंग्लंडला जायचं तर मग लंडन, स्कॉटलंड सोडून त्या टोकाच्या कॉर्नवॉलला का, आणि तेही बंद पडलेल्या खाणी बघायला? प्रश्न रास्त आहे म्हणून उत्तर नीट देतो.

कॉर्नवॉलला लोक समुद्रासाठी जातात, समुद्र सुंदर आहेच, पण किनाऱ्याचे रस्ते सायकलसाठी दमवणारे आहेत, प्रत्येक खाडीला सरळ खाली उतरायचं आणि लगेच तेवढंच वर चढायचं. खाणींच्या वाटा आतल्या बाजूने जातात, त्यांवर मोटारी नाहीत, चढ हलके आहेत, आणि दर थोड्या अंतरावर रानात एक दगडी इमारत आणि तिच्या कोपऱ्याला उंच चिमणी उभी असते. आमचं स्पष्ट मत आहे की पन्नाशी-साठीतल्या, रोज सायकल न चालवणाऱ्या माणसाला परदेशात चार दिवस शांतपणे सायकल चालवायची असेल तर यापेक्षा चांगली जागा आम्हाला माहीत नाही.

हा सगळा पट्टा, म्हणजे कॉर्नवॉल आणि शेजारचा पश्चिम डेव्हन, २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, एकूण दहा तुकडे आहेत त्यात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या तांब्यापैकी सुमारे दोन तृतीयांश तांबं इथल्या खाणींतून जायचं. कथील तर त्याच्याही कितीतरी आधीपासून निघत होतं, आणि नंतर नंतर सोमल, म्हणजे विषारी आर्सेनिक.

वाट हलकी का आहे?

हे समजून घेतलंत तर सायकल चालवताना वेगळीच मजा येते. तांब्याचं खनिज वितळवायला ढीगभर कोळसा लागतो, आणि कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही. खनिजापेक्षा कोळसाच जास्त लागत असल्यामुळे कोळसा इकडे आणण्यापेक्षा खनिज तिकडे नेणं परवडायचं, म्हणून खनिज जहाजाने समोरच्या वेल्समध्ये स्वान्सीला जायचं आणि तीच जहाजं परत येताना इथल्या पंपांच्या इंजिनांसाठी कोळसा भरून आणायची. आता खाण आतल्या टेकडीवर आणि बंदर खाली, मध्ये आधी खेचरं चालायची, पाठीवर गोण्या टाकून, पावसात चिखलातून. मग १८०९ मध्ये पोर्टरीथ बंदरापासून रूळ टाकायला सुरुवात झाली आणि घोडे मालाच्या वाघिणी ओढायला लागले. घोड्याला भरलेली वाघीण ओढायची म्हणजे एकदम चढ देऊन चालत नाही, त्यामुळे वाट टेकडीला वळसे घेत, बेताबेताने वर नेली. रूळ कधीच गेले, वाट तशीच राहिली, आणि तिचा फायदा आज तुमच्या गुडघ्यांना मिळतो.

मुख्य दिवस: पोर्टरीथ ते डेव्होरन

हे अंतर अकरा मैल, म्हणजे साधारण अठरा किलोमीटर. पुण्याच्या सायकलवाल्याला हे ऐकून हसू येईल, खडकवासल्याला जाऊन यायला याहून जास्त होतं, पण आम्ही यासाठी पूर्ण दिवस ठेवलाय आणि तो मुद्दाम ठेवलाय. एका समुद्राकडून निघून दुसऱ्या बाजूच्या खाडीला पोचायचं, मध्ये शंभर ठिकाणी थांबायचं.

पोर्टरीथहून निघाल्यावर पहिल्या टप्प्यात जमिनीकडे लक्ष ठेवा. वाटेत मध्ये मध्ये ग्रॅनाइटचे चौकोनी दगड रुतलेले दिसतात, वरून झिजलेले, आणि नीट वाकून बघितलं तर दगडाच्या मध्यावर बोटभर रुंदीचं गोल भोक असतं. रूळ ठोकायचा खिळा त्या भोकात बसवायचे. दगड रांगेत दोन्ही बाजूंना आहेत आणि मधली जागा मोकळी, कारण मधून घोडा चालायचा, त्याच्या पायात काही येऊ नये म्हणून आडव्या फळ्या टाकल्याच नव्हत्या. बरेच लोक त्या दगडांवरून सायकल घालून पुढे निघून जातात, तुम्ही दोन मिनिटं उतरा.

स्कॉरियरजवळ थोडा भाग गाडीरस्त्यावर आहे, तिथे एकामागे एक चला. त्यानंतर पोल्डाइसचं खोरं लागतं आणि तिथे एकदम हिरवळ संपते, राखाडी, पिवळट, तांबूस मातीचे ढीग, शंभरहून जास्त वर्षं झाली तरी त्यावर धड गवत उगवत नाही कारण मातीत सोमल आणि तांबं आहे. दिसायला फार जबरदस्त जागा आहे. पण ढिगांवर सायकल चढवू नका, तिथे बसून डबा खाऊ नका आणि जेवणाआधी हात धुवाच.

पुढे कार्नन खोऱ्यात ट्वेल्व्हहेड्स नावाचं छोटं गाव येतं. इथे वर बघण्यासारखं फारसं नाही, जे आहे ते पायाखाली आहे. १७४८ मध्ये खाणींतलं पाणी बाहेर काढायला एक बोगदा खणायला घेतला, ग्रेट काउंटी ॲडिट म्हणतात त्याला, आणि पुढे साठच्या वर खाणी त्याला जोडल्या गेल्या. खोल खाणीचं खरं दुखणं पाणीच असतं, खणाल तेवढं पाणी येतं, आणि सगळं पाणी थेट डोंगरमाथ्यापर्यंत उपसण्याऐवजी या बोगद्याच्या पातळीपर्यंतच उपसलं की काम भागायचं, केवढा कोळसा वाचला असेल विचार करा. खाणी बंद आहेत, बोगद्यातून पाणी आजही वाहतंय.

याच खोऱ्यात व्हील जेन खाण होती. ती १९९१ मध्ये बंद झाली, पंप थांबले, आत पाणी भरत गेलं आणि जानेवारी १९९२ मध्ये ते धातूंनी भरलेलं पाणी नदीत फुटून आलं, फाल नदीची खाडी नारिंगी झाली होती. पाणी साफ करण्याचं काम त्यानंतर कायमचं मागे लागलंय. आम्ही हे मुद्दाम सांगतो कारण खाणींचा इतिहास म्हणजे फक्त सुंदर दगडी इमारती असं चित्र घेऊन कोणी परत येऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

बिसोला कॅफे आहे, सायकलीही भाड्याने मिळतात, जेवण तिथेच घ्या. तिथून डेव्होरन सगळा उतार आणि सपाटी. डेव्होरनला एकेकाळी जहाजं लागायची, नंतर खाणींचा गाळ येऊन खाडी भरत गेली, आता ओहोटीला नुसता चिखल आणि त्यावर पक्षी.

दुसरा दिवस: ग्रेट फ्लॅट लोड

रेडरुथ आणि कॅम्बोर्न या दोन गावांच्या मध्ये कार्न ब्रे नावाची टेकडी आहे, तिला वळसा घालणारी ही बारा किलोमीटरची गोल वाट. धातूची शीर, म्हणजेच लोड, बहुतेक ठिकाणी जवळजवळ उभी खाली जाते, इथली मात्र बरीच आडवी पसरलेली होती, म्हणून एकामागून एक खाणी लागत गेल्या आणि म्हणून इंजिनघरं इतकी जवळ जवळ आहेत.

इंजिनघर कसं बघायचं ते सांगतो. चार भिंतींपैकी एक भिंत बाकीच्यांपेक्षा जाड दिसेल आणि ती बहुतेक छतापर्यंत न जाता मध्येच थांबलेली असते. त्या भिंतीवर ओतीव लोखंडाचा भला मोठा दांडा तोललेला असायचा, अर्धा आत आणि अर्धा बाहेर, सी-सॉसारखा. आत वाफेचं इंजिन त्याचं एक टोक खाली ओढायचं, बाहेरच्या टोकाला लटकवलेल्या लांबलचक काठ्या थेट खाणीच्या तळापर्यंत जाऊन पाणी उपसायच्या. म्हणजे इमारत नुसती खोली नव्हती, ती मशीनचाच भाग होती, म्हणूनच इतकी दणकट बांधली आणि म्हणूनच आज उभी आहे. लोखंड सगळं भंगारात गेलं. चिमणी बघा, खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा असतो.

याच भागात १७७१ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक जन्मला, खाणीच्याच घरातला. त्याने जास्त दाबाच्या वाफेवर चालणारी गाडी १८०१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कॅम्बोर्नच्या चढावर चालवून दाखवली. किंग एडवर्ड माइनचं म्युझियम वाटेतच आहे, खनिज कुटून धुऊन कथील कसं वेगळं करायचे ते तिथे कळतं. वेळ उरला तर ग्वेनाप पिटला जा. जमीन खचून झालेला खड्डा, बहुधा खालच्या खाणकामामुळेच, आणि मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७६२ ते १७८९ मध्ये तिथे अठरा वेळा प्रवचनं केली. आता त्याला गोल पायऱ्या आहेत.

आपल्याशी काय संबंध?

१८६० च्या दशकात तांब्याचे भाव कोसळले आणि इथले खाणकामगार घरदार सोडून मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत गेले. आणि आपल्या कर्नाटकातल्या कोलारलाही आले. १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स कंपनीने कोलारची सोन्याची खाण हातात घेतली तेव्हा तिथले अनुभवी लोक कॉर्नवॉलचेच होते. ती खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली, २००१ मध्ये बंद झाली. कॉर्नवॉलची शेवटची कथिलाची खाण, साउथ क्रॉफ्टी, १९९८ मध्ये थांबली, आता ती परत सुरू करायची तयारी चालू आहे, रेडरुथहून कॅम्बोर्नकडे जाताना तिचा लोखंडी मनोरा दिसतो.

पश्चिमेचं टोक, बोटॅलॅक आणि लेव्हंट, हे आम्ही ऐच्छिक ठेवलंय. समुद्राच्या कड्यावर टेकलेली इंजिनघरं तिथलीच, आणि खाण समुद्राच्या तळाखाली गेलेली. लेव्हंटमध्ये २० ऑक्टोबर १९१९ ला कामगारांना वर-खाली नेणारं यंत्र तुटून ३१ माणसं गेली. जागा बघाच, पण रस्ता अरुंद, चढउताराचा आणि मोटारींचा आहे, तेव्हा सवय नसेल तर ई-बाईक घ्या किंवा बसने जा.

आता कामाचं बोलू. आखलेली वाट सोडायची नाही, ही एकच अट आम्ही कडक पाळतो. जुन्या खाणींच्या विहिरी, म्हणजे खाली जाणारे खोल उभे खड्डे, अजून तिथे आहेत, काहींवर लोखंडी जाळीचा शंकू बसवलाय. त्या जाळीतून वटवाघळं ये-जा करतात, तिच्यावर चढायचं नाही, दगड आत टाकायचे नाहीत. वाटेवर चालणारे आणि घोडेस्वारही असतात, घोडा दिसला की वेग कमी करा, लांबूनच आवाज द्या आणि तो जाईपर्यंत थांबलात तरी चालेल.

गाड्या आपल्यासारख्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे तो ताण नाही. मे, जून किंवा सप्टेंबर निवडा, जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि सगळं गजबजलेलं. पाऊस कधीही येतो, आपल्या आषाढासारखा कोसळत नाही पण वारा जोडीला असतो, चांगलं जॅकेट घ्या, पोंचो वाऱ्यात फडफडतो आणि चेनमध्ये अडकतो.

लंडनच्या पॅडिंग्टनहून रेडरुथला थेट गाडी आहे, पाचेक तास. सायकली तिथेच भाड्याने घेतो, पुण्याहून न्यायची गरज नाही, आणि हट्टाने स्वतःची नेणारच असाल तर ट्रेनमध्ये सायकलची जागा आधी बुक करावी लागते, आम्हाला वेळेत सांगा.

खाण्याचं: तिथली पेस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठ्या करंजीसारखी, हा खाणकामगारांचा डबा, पण मूळ पेस्टीत बीफ असतं. विचारून घ्या, चीज आणि कांद्याची बहुतेक ठिकाणी मिळते आणि पोटभर होते. थालीपीठाचं पीठ किंवा मेतकूट नेणाऱ्यांना आम्ही कधी अडवलं नाही.

तयारीसाठी महिनाभर आधीपासून आठवड्यात दोनदा पाषाण-सूस किंवा खडकवासल्याची चक्कर पुरे, एकदा पानशेतपर्यंत जाऊन आलात तर उत्तम. वाट खडीची आहे, म्हणून एखादी फेरी कच्च्या रस्त्यावरही करा. तिथे रुंद टायरच्या सायकली देतो. त्यासाठी प्रत्येकाची उंची, पँटची आतल्या बाजूची लांबी आणि गुडघ्याचा काही त्रास असेल तर तो, निघायच्या तीन आठवडे आधी ऑफिसला कळवा, नवरा-बायको एकत्र येत असाल तर दोघांची मापं वेगवेगळी द्या.