लाल मुनियाचं बरं चाललंय, हिरवीचं नाही

पावसाळा सरता सरता भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर थांबून बघा. धानाच्या बांधीला लागून जे उंच गवत असते त्याच्या लोंबीला चिमणीपेक्षाही बारकी, लालभडक, अंगावर पांढरे ठिपके असलेली पाखरं लटकून बी टिपत असतात, ती लाल मुनिया. नर एवढा लाल फक्त विणीच्या काळातच असतो, नंतर मादीसारखा मातकट होऊन जातो. चोचही तशीच, मे महिन्यात लाल व्हायला लागते अन् पुढच्या एप्रिलपर्यंत काळी पडते. मला तर हे दरवर्षी नवलच वाटते.

हिरवी मुनिया तिची जवळची नातलग. पाठ हिरवट, पोट पिवळं, कुशीवर काळे-पांढरे पट्टे, चोच लाल. खाणं जवळपास तेच, थव्यानं राहायची सवयही तीच, पण आययूसीएन या कोणत्या जीवाला किती धोका आहे ते ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या यादीत लाल मुनिया 'लीस्ट कन्सर्न' म्हणजे सध्या धोका नाही, अन् हिरवी 'व्हल्नरेबल', म्हणजे संकटात.

असं कसं? लाल मुनिया भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे, पिंजऱ्यातून सुटलेल्या पाखरांनी तर स्पेन अन् फिजीतही बस्तान बसवलं. हिरवी मात्र जगात फक्त आपल्या देशात, तीही राजस्थान अन् मध्य भारतात तुटक तुटक, माउंट अबू त्यातलं नावाजलेलं ठिकाण. दोघींचेही थवे पिंजऱ्यासाठी जाळ्यात धरले गेले, पण लाल मुनियाचा एक थवा गेला तर आजूबाजूचे थवे ती जागा भरून काढू शकतात, हिरवीचा गेला की तिथं दुसरं कोणी यायलाच नसते, तो मुलूखच रिकामा होतो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं देशी रानपाखरं पकडणं अन् विकणं गुन्हा आहे, हिरवी मुनिया तर आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालणाऱ्या साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहे, तरी बाजारात मुन्या विकल्या जातात, कधी कधी रंग फासूनसुद्धा.

अन् 'लीस्ट कन्सर्न' हा साऱ्या जगाचा हिशोब आहे, आपल्या गावचा नाही. धुऱ्यावरच्या गवतावर तणनाशक मारलं, बोडी बुजवली, की त्या वावरातून लाल मुनियाही जाते, यादीत काहीही लिहिलेलं असो. म्हणून पाळीवरचं थोडं गवत विणीचा हंगाम संपेपर्यंत तरी उभं राहू द्या, अन् बाजारात कोणी पिंजऱ्यात मुन्या विकताना दिसला तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन लावा.