छुपा उजेड टोकाला का मंदावतो?

फॉल्स सीलिंगच्या कडेला खाच ठेवून तिच्यात एलईडी पट्टी दडवली, की दिवा दिसत नाही, नुसतं छत उजळतं. पण पहिला मीटर लख्ख आणि पाचवा मलूल दिसला, तर पट्टीला नावं ठेवण्याआधी जोडणी तपासा.

१२ व्होल्टच्या पांढऱ्या पट्टीत तीन-तीन एलईडींची साखळी असते. एकेकाला साधारण ३ व्होल्ट लागतात. तिघांचे ९ गेले, की उरलेले ३ साखळीतल्या रोधकावर (रेझिस्टरवर) पडतात आणि प्रवाह किती जायचा ते हा रोधक ठरवतो. पट्टीतलं तांबं अगदी पातळ, त्यामुळे दूरच्या टोकाला १ व्होल्ट कमी पोचला, तर रोधकाच्या वाट्याला २च राहतात. व्होल्टेज जेमतेम ८ टक्के घटलं, प्रवाह मात्र जवळपास एक-तृतीयांशाने!

मीटरला ६० एलईडींची ५०५० (५ × ५ मिलिमीटरच्या एलईडीची) पट्टी मीटरमागे १४.४ वॅट खाते. ५ मीटरचा रोल म्हणजे ७२ वॅट, ६ अँपिअर. एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा डबा, १०० वॅटचा घ्या. काठोकाठ घेतला तर तापत राहतो आणि त्यातले कपॅसिटर लवकर जातात. तो पीओपीत चिणू नका. एसएमपीएसपासून पट्टीपर्यंत ५ मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन वायर १० मीटर होते आणि १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तिथेच १ व्होल्ट संपतो. म्हणून एसएमपीएस जवळ आणा, नाहीतर जाड वायर वापरा.

एकाच एसएमपीएसवरून पट्टीच्या दोन्ही टोकांना पुरवठा दिला, की पट्टीतली घट चौथ्या हिश्शावर येते. अधिकला अधिकच जोडा; उलटं झालं तर थेट शॉर्ट. नवीन काम असेल तर सरळ २४ व्होल्टची पट्टी घ्यावी, तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा लागतो.

पट्टी खुणेवरच कापा. पीओपीच्या भुकटीवर तिचा गोंद महिनाभरही टिकेल याची खात्री नाही. ॲल्युमिनियमचं चॅनल स्क्रूने बसवून त्यात चिकटवली, तर उष्णताही निघून जाते. छतापासून किमान १० सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर उजेडाचे ठिपके उमटतात. छताला रंग मॅट पांढरा हवा, कारण चकचकीत रंगात एकेक एलईडी आरशात दिसावा तसा दिसतो.

२३० व्होल्टची बाजू इलेक्ट्रिशियनकडून, एमसीबी पाडूनच. खाच बंद होण्याआधी पट्टी पूर्ण उजेडात अर्धा तास चालवा आणि जिथे पुरवठा दिलेला नाही अशा सगळ्यात लांबच्या जागी मल्टीमीटर लावा. १२च्या पट्टीवर ११.५ च्या खाली आकडा आला, तर आणखी एक वायर ओढायची वेळ हीच.