घर इंदुरात, जात प्रमाणपत्र महाराष्ट्राचं: परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडतो

इंदुरातल्या मराठी घरांमधली अनुसूचित जातीची मुलं परदेशी शिक्षणाला अर्ज करतात आणि गुण असूनही कागदावर अडकतात. दरवर्षी हेच बघते, म्हणून अडणाऱ्या जागाच सांगते.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती 75 विद्यार्थ्यांना मिळते, पण महाराष्ट्राचा अधिवास हवा. घरी मराठी बोलतो, काका नागपूरला राहतात, एवढ्यावर अधिवास सिद्ध होत नाही. त्या अर्जात महिना घालवू नका.

मध्य प्रदेशच्या परदेशी शिष्यवृत्ती योजनेसाठी इथलं 'मूल निवासी' (म्हणजे इथले रहिवासी असल्याचं) प्रमाणपत्र आणि इथलंच जात प्रमाणपत्र लागतं. पहिलं लोकसेवा केंद्रातून मिळून जातं. दुसऱ्यासाठी कुटुंब 10 ऑगस्ट 1950 ला या प्रदेशात राहत होतं, याचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशीचा आहे, आणि राज्यघटनेच्या 341व्या कलमाप्रमाणे प्रत्येक राज्याची यादी वेगळी. राज्य बदललं की त्या सवलती सोबत येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सांगितलं. म्हणजे आजोबा 1955 ला गिरणीत कामाला आले असतील, तर इथेच जन्मलेली नातही परराज्यातलीच. मला हा अन्याय वाटतो. एका मुलीने आजोबांचं गिरणीचं कार्ड आणलं होतं. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, साल 1949 स्पष्ट, पण कार्डावर आडनावच नव्हतं. असा कागद असेल तर शाळेच्या दाखल-खारिज (शाळेत घातल्याच्या आणि शाळा सोडल्याच्या) नोंदीची जोड द्या आणि स्थानिक चौकशीची मागणी लेखी करा.

बहुतेकांसाठी खरी वाट आहे ती केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची. पदवीला 60 टक्के, वय 35 च्या आत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत. वडिलांचं मूळ राज्याचं जात प्रमाणपत्र असेल, तर केंद्राच्या सूचनांनुसार त्यावरून मुलांना इथेही मूळ राज्याच्या जातीचा दाखला मिळू शकतो. तो केंद्राच्या योजनेला चालतो, मध्य प्रदेशच्या सवलतींना नाही. खिडकीवर 'महाराष्ट्रात जा' असं सांगून परत पाठवतात. परत फिरू नका, नकार लेखी मागा.

आता आडनाव. महाराष्ट्राच्या दाखल्यावर 'कांबळे', इथल्या गुणपत्रिकेवर 'काम्बले', कारण हिंदीत ळ लिहीत नाहीत. इंग्रजीत कुठे एक ए जास्त पडतो. माणूस एकच असल्याचं शपथपत्र आधीच करून ठेवा, फॉर्म सुरू झाल्यावर धावपळ नको.

केंद्राच्या शिष्यवृत्तीला विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र विनाअट हवं. 'अंतिम निकालानंतर प्रवेश पक्का' अशा पत्रावर अर्ज बाद झालेली मुलं मी पाहिली आहेत. शिवाय भारताची संस्कृती, इतिहास किंवा समाज या विषयांच्या परदेशी अभ्यासाला 2022 च्या नियमांनी ही शिष्यवृत्ती नाकारली. समाजशास्त्राच्या मुलांनी विषय ठरवण्याआधीच हे वाचावं.

ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला जातीचा किंवा अधिवासाचा कागद लागत नाही. तिथे नागरिकत्व बघतात, 2,800 तासांचा कामाचा अनुभव मागतात आणि शिकून दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट घालतात. अर्धवेळ कामाचे तासही धरतात, तेव्हा शिकवण्या घेतल्या असतील तर त्याही मोजा.