होमस्कूलिंगचं कलम गेलं कुठे? गोखल्यांच्या बिलापासून आरटीईपर्यंत

मुंबईत हल्ली मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे आईबाप बऱ्यापैकी दिसतात, आणि त्यांना सोसायटीत, लग्नात, आजी-आजोबांकडून एकच प्रश्न येतो की हे कायद्याने चालतं का. काहीजण ठाम सांगतात की आरटीई, म्हणजे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा, आल्यापासून बेकायदेशीर आहे, काहीजण म्हणतात कोणी विचारत नाही, बिनधास्त करा. दोघंही अर्धं बरोबर आहेत. पण हा गोंधळ २००९ चा नाहीये, त्याची मुळं शंभर-सव्वाशे वर्षं मागे जातात आणि त्यातली बरीचशी मुंबई इलाख्यातच सापडतात.

सुरुवात जोतिरावांपासून करावी लागते. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे फुल्यांनी लेखी निवेदन दिलं, त्यात सरळ मागणी होती की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिवाय सारा भरतो शेतकरी आणि शिकतात वरच्या जातीतली पोरं, हा हिशोबही त्यांनी सरकारच्या तोंडावर मांडला. त्यानंतर १९०६ च्या आसपास मुंबईचे पुढारी चिमणलाल सेटलवाड आणि इब्राहिम रहिमतुल्ला (भेंडीबाजारातला रोड ज्यांच्या नावाचा तेच) यांनी मुंबई शहरापुरती तरी सक्ती आणा म्हणून सरकारचा पिच्छा पुरवला, सरकारने कमिटी नेमली आणि कमिटीने नाही म्हटलं. कमिटी नेमून विषय थंड करायची पद्धत जुनीच आहे म्हणायची. आणि त्याच वर्षी तिकडे बडोद्यात सयाजीरावांनी सक्ती अख्ख्या संस्थानात लागू करून टाकली, अमरेली तालुक्यात १८९३ पासून करून बघितलीच होती.

आता गोपाळ कृष्ण गोखले. गोखले म्हटलं की आजच्या मुंबईकराला आधी अंधेरीचा पूल आठवतो, बंद पडला, पाडला, परत बांधला, तोच. पण एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए झालेले हे गृहस्थ आधी मुंबईच्या आणि मग १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात होते आणि तिथे बजेटवर बोलायला उभे राहिले की सरकारी मेंबर घरून अभ्यास करून यायचे. १९१० च्या मार्चमध्ये त्यांनी सक्तीच्या शिक्षणाचा ठराव मांडला, सरकारने बघतो म्हटल्यावर मागे घेतला, आणि बघून झाल्यावरही काहीच हललं नाही तेव्हा १६ मार्च १९११ ला स्वतःचंच बिल आणलं. म्हणजे आजच्या भाषेत प्रायव्हेट मेंबर बिल, सरकारने नाही तर एका साध्या मेंबरने आणलेलं.

बिल इतकं मवाळ होतं की आज वाचून आश्चर्य वाटतं. सक्ती फक्त ६ ते १० वयाच्या मुलग्यांना, मुलींचं नंतर बघू, तीही नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला वाटली तर आणि सरकारने परवानगी दिली तर, आणि ज्या भागात आधीच ठरावीक टक्के पोरं शाळेत जातात तिथेच. महिन्याला दहा रुपयांच्या आत कमावणाऱ्या बापाकडून फी घ्यायची नाही. तरीही बिल पडलं. १९१२ च्या मार्चमध्ये मतं पडली १३ विरुद्ध ३८. बाजूने बोलणाऱ्यांत मुंबईचे एक तरुण बॅरिस्टर होते, महंमद अली जिना.

होमस्कूलिंगवाल्यांनी इथे जरा थांबायला हवं. गोखल्यांनी बिलाचा साचा घेतला होता इंग्लंडच्या १८७० आणि १८७६ च्या आणि आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्यातून. इंग्लंडच्या १८७० च्या कायद्यात मूल शाळेत न पाठवण्याची काही रास्त कारणं दिली होती, आजारपण, शाळा लांब असणं वगैरे, आणि त्यांत एक कारण असं की मूल दुसऱ्या कुठल्या तरी प्रकारे नीट शिकतंय. म्हणजे सक्ती शिकण्याची होती, शाळेच्या इमारतीत बसण्याची नव्हती. ज्यांच्या घरी मास्तर येऊन शिकवायचे त्या श्रीमंत लोकांसाठी ही सोय असणार हे उघड आहे, पण सोय होती.

गोखले १९१५ मध्ये गेले. त्यांचं काम पुढे नेलं विठ्ठलभाई पटेलांनी, गिरगावातला व्हीपी रोड त्यांचा. मुंबई कायदेमंडळात त्यांनी आणलेलं बिल १९१८ मध्ये पास झालं, ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीच्या शिक्षणाचा हा पहिला कायदा. त्याच सुमारास कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्ती आणली होती आणि मूल न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. पटेलांचा कायदा जिल्ह्यातल्या नगरपालिकांसाठी होता, मुंबई शहराचा वेगळा कायदा १९२० मध्ये झाला आणि प्रत्यक्ष सक्ती सुरू झाली १९२५ मध्ये, एफ आणि जी वॉर्डात. म्हणजे परळ, दादर, वरळी, माहीम, गिरण्यांचा पट्टा.

हा पट्टा आधी निवडला जाणं मला फार बोलकं वाटतं. १८८१ च्या फॅक्टरी ॲक्टप्रमाणे सात वर्षांचं पोर गिरणीत चालत होतं, १८९१ मध्ये ते नऊ झालं, १९२२ मध्ये बारा. सक्तीचा कायदा या पोरांसाठी होता. घरी टेबलावर रोबोटिक्स शिकणाऱ्या मुलाला पकडून शाळेत बसवायला तो कोणी लिहिला नव्हता, पण त्याचा विचारही कोणी केला नव्हता.

हाच धागा घटना समितीत सापडतो. २३ नोव्हेंबर १९४८ ला चर्चा चालू होती की सक्तीचं आणि मोफत शिक्षण चौदा वर्षांपर्यंत कशाला, नुसतं प्राथमिक म्हणा ना. तेव्हा बाबासाहेबांनी (फाळणीनंतर ते मुंबई प्रांतातूनच घटना समितीत गेले होते) उत्तर दिलं की चौदाच्या आतल्या मुलाला कारखान्यात ठेवायला आपण बंदी घालतोय, मग ते मूल कुठल्यातरी शिक्षणसंस्थेत गुंतलेलं असायला नको का. बिनतोड मुद्दा. घटनेच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली गेली आणि ती १९६० मध्ये संपली, काम काही संपलं नाही.

योगायोग असा की त्याच १९६० मध्ये संसदेने दिल्लीसाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि त्यात न पाठवण्याच्या रास्त कारणांत हे कारण परत आहे, की मूल दुसऱ्या प्रकारे शिकतंय आणि अधिकाऱ्याने ते समाधानकारक ठरवलंय. म्हणजे स्वतंत्र भारताच्या संसदेलाही ही वाट मान्य होती, फक्त तपासणीची अट घालून.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झालं, कलम २१अ. पालकांवर जे नवं कर्तव्य आलं, ५१अ मध्ये, त्यात शब्द आहेत शिक्षणाची संधी देण्याचे, शाळेचं नाव नाही. पण २००९ च्या आरटीईचं कलम १० म्हणतं की मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य. जुन्या कायद्यातली रास्त कारणांची यादी त्यात नाही. आणि दंडही नाही, म्हणजे कर्तव्य आहे पण मोडलं तर पालकाला शिक्षा काहीच नाही! म्हणून वर म्हटलं दोघंही अर्धं बरोबर. शिक्षा आहे ती विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला, लाखापर्यंत दंड, त्यामुळे चार-पाच घरांनी मिळून मुलं एकत्र शिकवायला घेतली की खरी धास्ती तिथे असते.

२०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टात हा प्रश्न गेला तेव्हा केंद्राने आधी प्रतिज्ञापत्र दिलं की होमस्कूलिंगला आरटीईची आडकाठी नाही, आणि नंतर ते मागे घेतलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन घरी शिकायचा हक्क मिळाला, पण तीव्र आणि बहुविकलांग मुलांनाच. बाकीच्यांचं काम चालतं ते परीक्षांच्या मागच्या दारातून, कोणी एनआयओएस (केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड), कोणी आयजीसीएसई (केंब्रिजची दहावीच्या तोडीची परीक्षा) प्रायव्हेट कँडिडेट म्हणून, कोणी आपल्या राज्य बोर्डाचा बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबर फॉर्म भरून. तोपर्यंत सरकारी सर्व्हेत हे मूल शाळाबाह्य, सिग्नलवर गजरे विकणाऱ्या मुलीच्याच रकान्यात.

एखाद्या खासदाराने मनावर घेतलं तर शुक्रवारी दुपारी प्रायव्हेट मेंबर बिल मांडता येईल, पण आजवर अशी फक्त १४ बिलं पास झालीत आणि शेवटचं १९७० मध्ये. आणि दुरुस्ती आणायचीच तर १९६० चं ते वाक्य अधिकाऱ्याच्या तपासणीसकट आणावं असं माझं मत, होमस्कूलिंगवाल्या बऱ्याच मित्रांना ते आवडत नाही. तपासणी नसेल तर धारावीतला कारखानदारही म्हणेल की पोरगा घरीच शिकतो.