अर्ध्या सेकंदात निसटणारं जग

ध्यानाबद्दल एक फॉरवर्ड सध्या सगळ्या ग्रुप्सवर फिरतोय, की पृथ्वी ७.८३ हर्ट्झवर कंप पावते आणि झाडाखाली डोळे मिटून बसलं की मेंदू त्या फ्रिक्वेन्सीला ट्यून होऊन निसर्गाची ऊर्जा आत घेतो. आकडा खरा आहे. विजांमुळे जमीन आणि आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, यांच्या मधल्या पोकळीत विद्युतचुंबकीय लहरी घुमतात, त्याला शूमन रेझोनन्स म्हणतात. पण त्यांचं चुंबकीय क्षेत्र असतं साधारण १ पिकोटेस्ला, आणि पुण्यात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे काही कोटी पट जास्त! एवढ्या क्षीण लहरींनी ध्यान लागतं याला कसलाही पुरावा नाही. वाईट याचं वाटतं की ध्यानाने मन खुलं होतं म्हणजे नेमकं काय होतं, यावर खरंच सुंदर प्रयोग झालेत आणि ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग २००७ चा, अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये हेलीन स्लाख्टर आणि रिचर्ड डेव्हिडसन यांच्या टीमने केलेला. स्क्रीनवर भराभर अक्षरं येतात, सेकंदाला दहा-वीस, आणि त्यांच्यात मधेच दोन आकडे लपलेले असतात, ते ओळखायचे. पहिला बहुतेकांना सापडतो. दुसरा जर अर्ध्या सेकंदाच्या आत आला तर बऱ्याचदा दिसतच नाही, डोळे उघडे असतात, प्रकाश रेटिनावर पडलेला असतो, पण जाणिवेपर्यंत काही पोचत नाही. याला अटेन्शनल ब्लिंक म्हणतात. एकच काउंटर उघडं असलेल्या बँकेसारखं आहे हे, आतला माणूस पहिल्याच्या कामात अडकला की दुसरा दारातूनच परत जातो.

आता यातली मजा बघा. पहिला आकडा ओळखला की साधारण ३०० मिलिसेकंदांनंतर ईईजीमध्ये (मेंदूतल्या विद्युत हालचालींच्या आलेखात) डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात एक मोठी लाट दिसते, तिचं नाव पी३बी. ढोबळपणे, मेंदूने त्या आकड्यावर किती ताकद खर्च केली याचं ते माप. तीन महिने दिवसभर विपश्यना केलेल्या १७ जणांमध्ये ही लाट आधीपेक्षा लहान झाली, आणि ज्यांच्यात ती जास्त लहान झाली त्यांनाच दुसरा आकडा जास्त वेळा सापडायला लागला. पहिला आकडा ओळखण्यात ते काही कमी पडले नाहीत, फक्त त्याला चिकटून राहणं कमी झालं. टेस्ट देताना ध्यान करू नका असं त्यांना सांगितलं होतं, म्हणजे ध्यानातून उठल्यानंतरही सवय टिकली होती. हे लोक स्वतःहून शिबिराला गेलेले होते, चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, त्यामुळे जरा जपूनच निष्कर्ष काढायचा, पण माझ्या मते ग्रहणशीलता यालाच म्हणावं. जास्त काही आत ओढून घ्यायचं नाही, आधीचं सोडायचं.

आणि सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या ध्यानावरच्या पाली उपदेशात, भिक्खूला बसायला जागा कुठल्या सांगितल्यात? अरण्य, झाडाचा बुंधा, नाहीतर रिकामं घर. आपल्याकडे भाजे, कार्ले, बेडसे इथल्या लेण्या डोंगरातच कोरलेल्या. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठात बर्मन, जोनाइड्स आणि कॅप्लन यांनी लोकांना तासाभराच्या आसपास चालायला लावलं, एकदा झाडांच्या बागेत, एकदा शहरातल्या रस्त्यांवर. बागेतून आल्यावर आकडे उलटे म्हणून दाखवायच्या टेस्टमध्ये ते जास्त सुधारले. त्यांचं स्पष्टीकरण असं की ट्रॅफिक लक्ष हिसकावून घेतो, पानांची हालचाल तसं करत नाही, त्यामुळे मुद्दाम लक्ष द्यायची यंत्रणा आराम करते.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाणाऱ्या मंडळींना म्हणून एक आग्रहाने सांगतो, सकाळी इयरफोन काढून जा. तांबटाचं टुक-टुक ऐकू आलं की लगेच ॲप उघडून नाव शोधायला, रेकॉर्ड करायला घेऊ नका, कारण लक्ष त्या पहिल्या आवाजात अडकलं की मागून बुलबुल ओरडला तरी कळत नाही. ऐकू आलं, सोडलं, पुढचं ऐकलं, इतकंच दहा मिनिटं करा, पक्ष्यांची यादी उतरताना करता येते. जागा मात्र शक्यतो पाषाणच्या बाजूची धरा, लॉ कॉलेज रोडकडून हॉर्न फार वरपर्यंत येतात.